दिसलेले आणि सांगितलेले : गर्भदोषांच्या सोनोग्राफीविषयी प्रस्तावना

मूल जन्माला येण्यापूर्वी त्याचे अवयव एकेक करून पाहावेत, त्यांत काही उणे आढळल्यास मातापित्यांना वेळेवर सावध करावे आणि शक्य असेल तेथे उपचाराची तजवीज आधीच करून ठेवावी, ही कल्पना वैद्यकाच्या दीर्घ इतिहासात इतकी अलीकडची आहे, की आज सत्तरी गाठलेल्या पिढीच्या मातांनी तिचे नावही ऐकले नव्हते. आणि तरीही शहरातील प्रसूतिगृहांपासून तालुक्याच्या गावातील दवाखान्यांपर्यंत पाचव्या महिन्याची सोनोग्राफी आता डोहाळजेवणाइतकीच गृहीत धरली जाते. गृहीत धरलेल्या गोष्टीविषयी कोणी विचारपूस करीत नाही. या तपासणीत नेमके काय पाहतात, काय मुळीच दिसू शकत नाही, दिसलेल्याचा अर्थ कितपत पक्का असतो, आणि तो कोणी, कोणाला, कोणत्या शब्दांत सांगावा, हे प्रश्न बहुसंख्य घरांत अहवालात एखादी अनपेक्षित ओळ उमटल्यावरच विचारले जातात, आणि त्या वेळी शांतपणे ऐकून घेण्याइतके मन कोणाचेच थाऱ्यावर नसते. ती ओळ उमटण्यापूर्वी वाचता यावा, म्हणून हा ग्रंथ लिहिला गेला आहे.

मनुष्याच्या कानाची मजल सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत जाते. गर्भाची तपासणी ज्या ध्वनीने होते तो सेकंदाला वीस लाखांहून अधिक कंपनांचा असतो. हा ध्वनी शरीरात शिरून निरनिराळ्या ऊतींच्या सीमांवर आपटतो, त्याचा काही अंश परततो, आणि त्या परतीच्या वेळेवरून व तीव्रतेवरून पडद्यावर करड्या छटांचे चित्र उभे राहते. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत् निर्माण होते, हे झाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखविले होते. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाण्याखालील पाणबुड्या हुडकण्यासाठी त्याच गुणधर्माचा उपयोग केला. पुढे कारखानदारांनी पोलादी सांध्यांतील न दिसणाऱ्या भेगा शोधण्यासाठी तो राबविला. तेथून तो प्रसूतिशास्त्रात आला, तो ग्लासगो शहरात. तेथील प्राध्यापक इअन डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रू येथील बॅबकॉक आणि विल्कॉक्स यांच्या बॉयलरच्या कारखान्यात नेल्या, तुलनेसाठी मांसाचा एक तुकडा शेजारी ठेविला, आणि भेगा शोधणाऱ्या यंत्राने त्यांचे प्रतिध्वनी तपासले. गाठीत द्रव आहे की ती भरीव आहे, हे यंत्र बिनचूक सांगत होते. डोनाल्ड, त्यांचे सहकारी जॉन मॅकव्हिकार आणि टॉम ब्राउन नावाचा तरुण अभियंता यांचा निबंध १९५८ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जठराचा असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडून दिली होती, त्या एका स्त्रीच्या पोटात वस्तुतः बीजकोशाची प्रचंड द्रवग्रंथी आहे असे यंत्राने दाखविले, शस्त्रक्रियेने ती ग्रंथी काढली गेली आणि बाई बऱ्या झाल्या, ही हकीकत त्याच काळातली.

या नव्या साधनाला काळही अनुकूल लाभला. गर्भवतीचे क्ष-किरण चित्र काढण्याचा शिरस्ता तोवर सर्रास होता; परंतु ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट यांनी १९५६ ते १९५८ या काळात असे दाखवून दिले, की गर्भावस्थेत ज्या बालकांवर हे किरण पडले त्यांत पुढे कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळते. क्ष-किरण मागे हटले आणि ध्वनीला जागा मोकळी झाली. प्रारंभी मात्र या ध्वनीकडून मागणे अगदी माफक होते: गर्भ एक की दोन, वार कोठे आहे, दिवस किती भरले. लंडनचे स्टुअर्ट कँपबेल यांनी १९६८ साली गर्भाच्या डोक्याची रुंदी अचूक मोजण्याची रीत बसविली, तेव्हा गर्भ बघण्याच्या कलेला मोजमापाचा आधार मिळाला. आणि १९७२ साली त्यांनीच सतराव्या आठवड्यात, कवटीचा वरचा भाग व मेंदूचा मोठा अंश न बनलेला गर्भ सोनोग्राफीवरून ओळखला आणि ती गर्भधारणा तेथेच थांबविण्यात आली. सोनोग्राफीने व्यंग ओळखून मातेने गर्भाविषयी निर्णय घेतल्याच्या परंपरेचा आरंभ येथून मानला जातो. डोनाल्ड स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपातविषयक कायद्याचे कट्टर विरोधक होते. गर्भाचे चित्र पाहून स्त्रिया गर्भपातापासून परावृत्त होतील अशी त्यांची उमेद होती. आपल्या यंत्राची पुढील वाटचाल त्यांना मानवली नाही. यंत्रे आपल्या जनकांचे हुकूम पाळीत नाहीत, हे आपण महाराष्ट्रातही पाहिले; त्याचा उल्लेख पुढे येईलच.

सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत करड्या छटांची व हलती चित्रे आली, आणि शोधाची व्याप्ती झपाट्याने वाढली. पाठीच्या कण्याचा एखादा मणका उघडा राहिलेला असल्यास ती जागा प्रत्यक्ष शोधणे अवघड असते; परंतु १९८६ साली लंडनच्या एका चमूने दाखविले, की अशा गर्भाची कवटी आडव्या छेदात पुढच्या बाजूने लिंबासारखी दिसते आणि लहान मेंदू मागे ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो. कण्यातील दोष डोक्यात ओळखू येऊ लागला. त्या चमूतील किप्रॉस निकोलाइडिस यांनी १९९२ साली मांडलेली गोष्ट याहून दूरगामी ठरली. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली, पुढे ज्यास त्यांचे नाव मिळाले त्या अवस्थेचे वर्णन करताना, अशा व्यक्तींची त्वचा शरीराच्या मानाने सैल व अधिक वाटते असे नोंदविले होते. गर्भाच्या मानेमागे त्वचेखाली साचणाऱ्या द्रवाची जाडी अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान मोजली, तर त्या जादा त्वचेची पूर्वखूण मिळते आणि गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता अंकांत वर्तविता येते, असे निकोलाइडिस यांनी दाखविले. आपल्याकडील दवाखान्यांत जिला ‘एनटी स्कॅन’ म्हणतात, ती हीच मोजणी. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत जाणाऱ्या या कामात हात किंचित चुकला तरी हिशेब फिरतो, म्हणून ती करणाऱ्याला स्वतंत्र शिक्षण देऊन त्याचा दाखला देण्याची व ते काम वेळोवेळी तपासण्याची पद्धत पडली. चाळणी चाचणीत यंत्राइतकेच महत्त्व शिस्तीला असते, ही जाणीव त्यातून सर्वत्र पोहोचली.

या विषयातील विचारपंथ देशांच्या सीमांनुसार बरेचसे विभागले गेले आहेत. ब्रिटनमध्ये राज्ययंत्रणेने अठराव्या ते एकविसाव्या आठवड्यांतील तपासणीत कोणत्या अकरा अवस्था शोधावयाच्या त्याची यादीच ठरवून दिली: डोक्याचा व कण्याचा उघडेपणा, दुभंगलेला ओठ, पोटाच्या भिंतीचे दोन दोष, श्वासपटलातील छिद्र, हृदयाचे गंभीर दोष, दोन्ही मूत्रपिंडांचा अभाव, हाडांचे प्राणघातक विकार आणि गुणसूत्रांचे दोन विकार. या पद्धतीत तपासणाऱ्याची जबाबदारी मर्यादित व स्पष्ट असते आणि कोणत्या रुग्णालयाला किती दोष सापडले याचा जमाखर्च मांडता येतो. जर्मनीने ऐंशीच्या सुमारास प्रत्येक गर्भवतीला ही तपासणी लागू केली, आणि डेन्मार्कने २००४ मध्ये पहिल्या तिमाहीतील जोखमीचा हिशेब सर्वांना खुला केला. अमेरिकेत मात्र सर्वच गर्भवतींच्या तपासणीविषयी साशंक असणाऱ्यांचा एक पंथ दीर्घकाळ प्रबळ होता. त्यांचा मुख्य आधार १९९३ साली प्रसिद्ध झालेली, सुमारे पंधरा हजार गर्भवतींवरील चाचणी हा होता. ज्यांची ठराविक तपासणी झाली त्या गटात ३५ टक्के गर्भदोष जन्मापूर्वी ओळखले गेले, इतरांत ११ टक्के. पण बालकांच्या प्रसवकालीन मृत्यूंत वा आजारांत काही फरक पडला नाही. टीकाकारांनी तत्काळ दाखवून दिले, की तज्ज्ञ केंद्रांत आणि साध्या दवाखान्यांत सापडलेल्या दोषांचे प्रमाण फार भिन्न होते, तेव्हा चाचणीतून सिद्ध झाली ती तंत्राची नव्हे, पाहणाऱ्यांची मर्यादा. हेलसिंकी येथील १९९० च्या चाचणीत उलट प्रसवकालीन मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते. ही आकडेवारी प्रथम वाचणारा हर्षित होतो. परंतु घट मुख्यतः अशी झाली, की गंभीर व्यंग असलेल्या गर्भांच्या गर्भधारणा आधीच थांबविल्या गेल्या. मृत्यू टळले, की मृत्यूच्या दप्तरातील नोंद केवळ अलीकडच्या रकान्यात गेली, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला, आणि तो आजही अप्रस्तुत झालेला नाही.

माझे मत असे, की या दोन्ही चाचण्यांनी चुकीच्या गोष्टीचे माप घेतले. मृत्यूंची संख्या हे या तपासणीच्या यशाचे एकमेव, किंबहुना मुख्यही, परिमाण नव्हे. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या ज्याच्या शरीरात अदलाबदल झालेल्या आहेत असे मूल गर्भात सुखरूप असते, कारण तेथे फुप्फुसांचे काम वारेकडे असते. जन्मानंतर काही तासांतच ते निळे पडू लागते. हा दोष आधी कळला, तर बाळंतपण बालहृदयशल्यविशारद जेथे आहेत अशा शहरात करविता येते, आणि जे मूल तालुक्याच्या रुग्णालयात दगावले असते ते शस्त्रक्रियेनंतर शाळेत जाते. उघड्या कण्यावर गर्भाशयातच शस्त्रक्रिया केल्यास काही बालकांना चालण्याची शक्ती अधिक राहते, असे अमेरिकेतील एका चाचणीने २०११ साली दाखविले. याउलट ज्या मुलाला जगणे शक्यच नाही, त्याच्या मातेला ते आधी कळणे हेही काही मोल नसलेले ज्ञान नव्हे: काही स्त्रिया गर्भ थांबवितात, काही तो पूर्ण दिवस वाढवून, मुलाला हातात घेऊन निरोप देण्याची तयारी करतात. दोन्हींना वेळ हवा असतो, आणि वेळ ही एकच गोष्ट या तपासणीच्या खरोखर हाती आहे.

तिच्या मर्यादांविषयी मात्र लोकांत भ्रम फार आहेत. सोनोग्राफी आकार पाहते. कार्य तिला क्वचितच दिसते. बहिरेपणा, बहुतेक अंधत्वे, स्वमग्नता, बुद्धीच्या विकासातील बहुतांश उणिवा, चयापचयाचे व स्नायूंचे अनेक विकार तिच्या दृष्टीबाहेरचे आहेत, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘मूल निर्दोष’ असा घेणाऱ्या आजीला हे कोणी समजावून सांगितलेले नसते. दुसरा भ्रम याच्या उलट आहे. मेंदूतील द्रवजालिकेत एखादी लहान द्रवग्रंथी, हृदयात एखादा चमकणारा ठिपका, अशा खुणा निरोगी गर्भांतही पुष्कळ वेळा दिसतात आणि बहुधा आपोआप नाहीशा होतात. पण अहवालात त्यांचा मजकूर उतरला, की घरात रात्रीच्या झोपेचा बंदोबस्त झालाच म्हणून समजावे. तिसरा भ्रम संभाव्यतेविषयीचा आहे. हजार गर्भवतींत समजा दोन गर्भांना डाउन सिंड्रोम आहे, आणि चाळणी अशी आहे की निरोगी गर्भांपैकी शंभरात पाच तीत अडकतात, तर पुढील तपासणीस ज्यांना बोलाविले जाईल अशा सुमारे बावन्न जणींपैकी पन्नास जणींची मुले त्या बाबतीत निर्दोष असणार. चाळणीत सापडणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. मातेच्या रक्तातच गर्भाचे जनुकद्रव्य सापडते, हे १९९७ साली डेनिस लो यांनी दाखविल्यापासून गुणसूत्रांपुरती ही चाळणी अधिक बारीक झाली आहे. परंतु तीही चाळणीच, आणि गर्भजल वा वार तपासून निश्चिती केल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये, हा शास्त्राचा दंडक तिने बदललेला नाही.

महाराष्ट्रात या तपासणीचा इतिहास एका निराळ्या आणि दुःखद प्रकरणाशी जखडलेला आहे. व्यंग शोधण्यासाठी आलेले साधन, प्रथम गर्भजलपरीक्षा व पुढे सोनोग्राफी, मुलगी शोधून नष्ट करण्यासाठी वापरले गेले. मुंबईतील स्त्रीसंघटनांच्या चळवळीमुळे या राज्याने १९८८ साली देशात प्रथम याविरुद्ध कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून अंमलात आला, आणि २००० साली दोन संस्था व एक कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २००३ मध्ये त्यात कडक दुरुस्त्या झाल्या. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली आढळल्या. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे नोंदणीयंत्र जोडण्याची मोहीम चालविली, ती याच काळात. आज प्रत्येक केंद्राच्या दारावर गर्भलिंगनिदान होत नसल्याचा फलक असतो, प्रत्येक तपासणीमागे ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो, आणि त्यातील उणीव ही केवळ कारकुनी चूक नव्हे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली घेतली. हा कायदा आवश्यक होता आणि आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम नोंदविला पाहिजे. कायद्याने तज्ज्ञाला एक वाक्य बोलण्यास मनाई केली. भीतीने त्याने इतर वाक्येही गिळली. पडदा गर्भवतीकडून वळविलेला, नातेवाईक दाराबाहेर, तपासणारा मूक, आणि अहवाल इंग्रजी संक्षेपांत: असा रिवाज अनेक ठिकाणी रूढ झाला. वास्तविक जन्मजात व्यंगांचे निदान हे त्या कायद्याने स्वतः मान्य केलेले प्रयोजन आहे, आणि हृदयात छिद्र आहे हे मातेला सांगण्यास त्याची कसलीही आडकाठी नाही.

दुसरा कायदा मुदतीचा. १९७१ च्या अधिनियमाने गर्भपाताची मर्यादा विसाव्या आठवड्यावर ठेविली, आणि व्यंगांची मुख्य तपासणी होते ती नेमकी अठराव्या ते विसाव्या आठवड्यात. पुनर्तपासणी, तज्ज्ञाचा सल्ला, पैशाची जुळवाजुळव यांत तो आठवडा केव्हाच निघून जाई. मुंबईच्या एका दाम्पत्याने २००८ साली गर्भाच्या गंभीर हृदयदोषासाठी उच्च न्यायालयात धाव घेतली; परवानगी नाकारली गेली, पण देशभर चर्चा सुरू झाली. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोविसाव्या आठवड्यापर्यंत नेली, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास मुदतीची अट काढून टाकली. मंडळापर्यंत पोहोचणे मात्र अजून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे परवडणाऱ्यांनाच सोपे आहे. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते तेव्हा सासरच्या गावातले कागद कपाटात राहतात, आणि माहेरच्या डॉक्टरांपुढे ती जणू प्रथमच येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघालेली स्त्री ज्या महिन्यांत गर्भवती असते, त्या महिन्यांत ती फडावर असते; तिचा अठरावा आठवडा कोणत्या कारखान्याच्या हद्दीत येईल हे कोणत्याच वेळापत्रकात लिहिलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रत्येक गर्भवतीची चोविसाव्या आठवड्यापूर्वी एक सोनोग्राफी व्हावी अशी शिफारस केली, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत गर्भवती तपासणी सुरू केली. या दोन्ही गोष्टींमुळे हा विषय श्रीमंतांच्या दवाखान्यापुरता उरलेला नाही, आणि या ग्रंथाची निकड त्यातूनच उभी राहते.

एक आक्षेप या क्षेत्राबाहेरून येतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. एड्रियन अ‍ॅश या दृष्टिहीन अमेरिकन विदुषीने आयुष्यभर मांडले, की एका अवयवातील उणेपणावरून संपूर्ण होऊ घातलेल्या माणसाचा निकाल लावला, तर आज त्या उणेपणासह जगणाऱ्यांना आपण नको होतो असाच निरोप जातो. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, गर्भावस्थेतील निदान चुकल्यामुळे व्यंगासह जन्मलेल्या मुलाला स्वतःच्या जन्माबद्दल नुकसानभरपाई देवविली, तेव्हा अपंगांच्या संघटना आणि सोनोग्राफी करणारे वैद्य दोघेही खवळले. २००२ मध्ये तेथील संसदेने कायदा करून तो मार्ग बंद केला. अ‍ॅश यांचा युक्तिवाद मला पूर्णतः पटत नाही, कारण गर्भाचा भार अखेर एका स्त्रीच्या शरीरावर व आयुष्यावर असतो. पण ज्या समुपदेशनात त्या आक्षेपाचा पडसाद नाही, ते एकांगी समजावे. डाउन सिंड्रोम म्हणजे काय, हे सांगणाऱ्याने निदान अशा एका कुटुंबाचे आयुष्य जवळून पाहिलेले असावे.

प्रस्तुत ग्रंथाच्या दोन लेखिकांपैकी एक गर्भवैद्यकाच्या तज्ज्ञ आणि दुसऱ्या समुपदेशक आहेत, आणि ग्रंथाचा सारा घाट या जोडीवरून ठरला आहे. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव त्यांनी घेतला आहे, परंतु प्रत्येक ठिकाणी ‘काय दिसते’ याच्या पाठोपाठ ‘हे कसे सांगावे’ हा भाग येतो, आणि मला तो भाग अधिक मोलाचा वाटतो. दिलासा देण्याच्या घाईत खोटे न बोलता आणि खरे सांगण्याच्या घाईत आशा न तोडता बोलायची वाक्ये त्यांनी साध्या मराठीत लिहून दाखविली आहेत. ती पाठ करण्यासाठी नव्हेत, पण ज्यांना अशा प्रसंगी शब्दच सुचत नाहीत त्यांच्या उपयोगी पडतील. कण्याचा उघडेपणा टाळण्यासाठी फॉलिक आम्लाची गोळी गर्भधारणेपूर्वीच सुरू करावी लागते, कारण मज्जानलिका गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच, बंद होते. १९९१ सालच्या ब्रिटिश चाचणीत, ज्यांना आधी असे मूल झाले होते अशा स्त्रियांत या गोळीने पुनरावृत्ती सुमारे तीन चतुर्थांशांनी कमी झाली. ही गोष्ट त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच मोठ्या अक्षरांत घातली, याबद्दल त्यांचे विशेष अभिनंदन. चेहऱ्याची रंगीत त्रिमिती चित्रे त्यांनी जवळजवळ वगळली, तेही योग्यच. त्यांची जागा निदानापेक्षा अल्बमात अधिक आहे.

माझी एक तक्रार शिल्लक आहे. ग्रंथातील संवाद बहुतेक ठिकाणी तज्ज्ञ आणि दाम्पत्य यांच्यात होतो. प्रत्यक्षात अहवाल घरी गेल्यावर तो प्रथम वाचून घेतला जातो गावच्या आशाताईकडून किंवा परिचारिकेकडून, आणि निर्णयात सासूचे, दिराचे, कधी मामाचेही म्हणणे पडते. त्या ओसरीवरच्या बैठकीसाठी आशाताईच्या हाती देता येईल असे चार पानांचे एक प्रकरण दुसऱ्या आवृत्तीत घालावे, अशी सूचना मी लेखिकांना केली. त्यांनी ती मान्य केली आहे, मात्र ते लिखाण आपण न करता बीडच्या दोन आशाताईंकडूनच करवून घेऊ, अशी त्यांची अट आहे.